लेव्हिन कुठं गेला? वाचकांचे प्रश्न, सिनेमा विभागाची उत्तरं

मागच्या अंकात गाजलेल्या रशियन कादंबऱ्यांवर निघालेल्या सिनेमांची ओळख छापली होती. त्यावर मराठवाड्यातल्या वाचनालयांतून, महाविद्यालयांतून आणि घराघरांतून पत्रं आली. बरीचशी भांडणाच्या सुरातली. ते बरंच झालं, नुसत्या कौतुकाला उत्तर काय देणार? एकसारखी पत्रं एकत्र करून निवडक प्रश्न इथं घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात २०१२ चा 'ॲना कारेनिना' दाखवला. वीस मिनिटांत कुजबुज सुरू झाली, "हे तर नाटकाचं शूटिंग लावलंय." चहाच्या वेळेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. सिनेमा वाईट की आमची निवड? (वाचनालयाचे कार्यकर्ते, सेलू)

उत्तर : सिनेमा वाईट नाही, पण ओळख करून न देता लावण्यासारखाही नाही. टॉलस्टॉयच्या कादंबरीतली ही गोष्ट म्हणजे लग्न झालेल्या ॲनाचं व्रॉन्स्की या लष्करी अधिकाऱ्यावरचं प्रेम. दिग्दर्शक जो राइट आणि पटकथाकार टॉम स्टॉपर्ड यांनी ती मुद्दाम एका जुनाट नाट्यगृहात घडवली. पीटर्सबर्ग आणि मॉस्कोतली बडी मंडळी जन्मभर एकमेकांसमोर सोंग वठवतात, असं त्यांना दाखवायचं आहे. म्हणून कचेरी, नाचाचा दिवाणखाना, घोड्यांची शर्यत, सगळं रंगमंचावर. गरिबांची वस्ती मात्र मंचाच्या वर, दोऱ्या-फळ्यांच्या माळ्यावर. कादंबरीतला दुसरा नायक, शेतीत रमणारा जमीनदार लेव्हिन गावाकडं निघतो तेव्हा मंचामागचं मोठं दार उघडतं आणि समोर खरंखुरं बर्फाचं माळरान येतं. ही खूण ज्याला कळली त्याला पुढचा सिनेमा सोपा जातो. ज्याला नाही कळली तो सेट बदलताना बघत बसतो.

ही कल्पना दिग्दर्शकाच्या मनची नाही, कादंबरीतच तिला आधार आहे. पाचव्या भागात, समाजानं वाळीत टाकल्यावर ॲना हट्टानं ऑपेराला जाते. शेजारच्या बॉक्समधली बाई तिचा सगळ्यांदेखत अपमान करते आणि लोक मंचावरचं गाणं सोडून तिच्याकडं बघायला लागतात. राइटनं त्या एका प्रसंगात सगळी गोष्ट नेऊन बसवली.

तरीही तुमच्या प्रेक्षकांची तक्रार अगदीच खोटी नाही. पहिल्या वीस मिनिटांत डझनभर पात्रं येतात, एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना मधे श्वास घ्यायला जागा नाही, कारकुनांचे शिक्केसुद्धा तालावर पडतात. डोळा या करामतीत अडकतो आणि ॲना-व्रॉन्स्कीची ओढ काळजापर्यंत पोचायला उशीर होतो. शर्यतीचा प्रसंग मात्र याच पद्धतीमुळं जबर झाला आहे : व्रॉन्स्कीची घोडी मंचावरून थेट प्रेक्षागृहात कोसळते आणि ॲनाच्या तोंडून निघालेल्या किंकाळीनं सगळं गुपित उघडं पडतं. या सिनेमाला ऑस्करची चार नामांकनं होती, मिळालं ते वेशभूषेचं. निकाल बोलका आहे.

पुन्हा दाखवायचा असेल तर आधी तीनच मिनिटं बोला. गोष्ट सांगू नका. नाट्यगृहाची खूण सांगा, लेव्हिनच्या दाराची सांगा, आणि एका अर्ध्या पानावर आठ नावं छापून वाटा. नावांनीच लोक जास्त दमतात. रशियन माणसाचं नाव आपल्यासारखंच तीन पदरी असतं : स्वतःचं, बापाचं, आडनाव. फरक एवढाच, की ओळखीचे लोक पहिली दोन नावं मिळून हाक मारतात आणि घरचे लाडाचं तिसरंच काही म्हणतात. स्तेपान अर्कादयेविच ओब्लोन्स्की म्हणजेच स्तिवा. कोन्स्तान्तिन लेव्हिन म्हणजे कोस्त्या. डॉलीचं खरं नाव दार्या आणि किटीचं येकातेरिना. सगळ्यांत घोळ घालणारी गोष्ट म्हणजे नवरा आणि प्रियकर दोघंही अलेक्सेई : अलेक्सेई अलेक्सांद्रोविच कारेनिन आणि अलेक्सेई किरिलोविच व्रॉन्स्की. कागदावर दोघांपुढं कंसात 'नवरा' आणि 'लष्करी अधिकारी' लिहा, म्हणजे अर्धी कुजबुज तिथंच थांबेल.

प्रश्न : कादंबरीत मला भावला तो लेव्हिन. शेती करणारा, कुणाशी नीट न पटणारा. सिनेमात मात्र तो लग्नातल्या दूरच्या पाहुण्यासारखा येतो नि जातो. एवढं कापायचं होतं तर घ्यायचा कशाला? (शेतकरी, औसा)

उत्तर : तुमच्यासारखीच तक्रार करणारी आणखी चार पत्रं आहेत, त्यामुळं जरा सविस्तर.

आधी हिशेब. कादंबरीचे भाग आठ, प्रकरणं २३९. २०१२ चा सिनेमा साधारण १३० मिनिटांचा, म्हणजे प्रकरणामागं जेमतेम ३३ सेकंद. ग्रेटा गार्बोचा १९३५ चा सिनेमा दीड तासाच्या थोडा वर, तिथं २४ सेकंद. असा हिशेब समोर असल्यावर पटकथाकार काय करतो? जिथं घटना डोळ्यांना दिसते ते ठेवतो आणि जिथं घटना माणसाच्या डोक्यात घडते ते सोडतो. ॲनाच्या वाट्याला रेल्वे, नाच, शर्यत, ऑपेरा. लेव्हिनच्या वाट्याला गवताची कापणी, मजुरांशी वाद, भावाचं मरण, बायकोचं बाळंतपण आणि शेवटी देवाबद्दलचा विचार. यातलं बहुतेक त्याच्या आत चालतं.

तिसऱ्या भागातल्या चौथ्या-पाचव्या प्रकरणातली कापणीच घ्या. मालक असून लेव्हिन मजुरांच्या ओळीत उभा राहतो. सुरुवातीला हात ऐकत नाही, पाठ भरून येते. जोर लावला, नीट कापायचं मनावर घेतलं, की पट्टा वाकडा जातो. मग एका क्षणी त्याला स्वतःचं भान राहत नाही आणि पातं आपसूक चालायला लागतं. एक म्हातारा गडी शेजारी कापता कापता अळंबी दिसली की वाकून म्हातारीसाठी सदऱ्यात टाकतो. जेवणाच्या वेळी तोच भाकर कुस्करून त्यात पाणी नि मीठ घालतो, आणि मालक घरचं जेवण सोडून त्याच्याबरोबर तेच खातो. बांधावर बसून भाकरी खाल्लेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. सिनेमात ही कापणी आहे, छानही आहे, पण वाचताना जी वेळ विसरायला होते ती दोन मिनिटांत होत नाही. इथं दोष कात्रीचा कमी आणि माध्यमाचा जास्त.

हे दृश्य दाखवताना आपल्याकडं हमखास प्रश्न येतो : उभ्यानं काय कापतात? ते धान्य नाही, गवत आहे. लांब दांड्याचं, वाकड्या रुंद पात्याचं अवजार दोन्ही हातांत धरून कमरेतून फिरवायचं. आपल्या विळ्यासारखं बसून किंवा वाकून नाही. आणि गवताचं एवढं कौतुक अशासाठी, की तिकडं जनावरं हिवाळ्याचे कित्येक महिने गोठ्यात बांधलेली असतात. तेवढ्या वैरणीची गंजी उन्हाळ्यातच लागली पाहिजे.

लेव्हिनचं दुसरं दुखणं सिनेमावाले जवळजवळ कधीच घेत नाहीत. रशियात भूदास, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेले शेतकरी, मोकळे झाले ते १८६१ मध्ये. कादंबरी १८७० च्या दशकातली. मालकाला जुना धाक चालवता येत नाही आणि मजुराला नवी अवजारं परकी वाटतात, ती मोडतात, कामं रखडतात. लेव्हिन त्यावर तोडगा काढतो तो वाटणीचा : शेतकऱ्यांनाच उत्पन्नात हिस्सेदार करायचं. बटईनं किंवा सालगडी ठेवून शेती केलेल्यांना यातली ओढाताण ओळखीची आहे. निजामी मुलखातल्या जहागिरी १९४९ मध्ये गेल्या आणि १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला. त्या वेळच्या आठवणी ज्या घरांत आहेत तिथं कादंबरीचा तिसरा भाग मोठ्यानं वाचून बघावा. लंडनच्या समीक्षकाला जो भाग कंटाळवाणा वाटतो तो इथं सगळ्यांत जिवंत निघेल, असं आमचं मत आहे.

लेव्हिन जास्त हवा असेल तर दोन पर्याय. १९९७ च्या सिनेमात (सोफी मार्सो ॲना, शॉन बीन व्रॉन्स्की) तो निवेदक आहे. आल्फ्रेड मोलिनानं ही भूमिका केली आहे आणि चित्रीकरण रशियात झालं आहे. सिनेमा म्हणून तो तुटक आहे, पण दोन गोष्टी समांतर चालतात हे निदान कळतं. दुसरा, बीबीसीची १९७७ ची दहा भागांची मालिका. सेट साधे, प्रकाशयोजना जुन्या दूरदर्शनसारखी, पण पात्रांना बोलायला वेळ मिळतो. १९६७ चा सोव्हिएत सिनेमा ॲनासाठी बघा. तात्याना समोइलोवाची ॲना आम्हाला आजही सगळ्यांत पटते, आणि बेत्सीच्या भूमिकेत चक्क बॅले नर्तिका माया प्लिसेत्स्काया आहे.

प्रश्न : ॲना गेली की सिनेमा संपतो. कादंबरीत पुढं एक अख्खा भाग आहे. शेवट बदलायचा हक्क यांना दिला कुणी? (निवृत्त शिक्षिका, बीड)

उत्तर : बाई, या शेवटाचं भांडण टॉलस्टॉयच्या हयातीतलं आहे. कादंबरी १८७५ पासून 'रुस्की व्हेस्तनिक' मासिकात क्रमशः येत होती. आठव्या भागात सर्बियाच्या लढाईला निघालेल्या स्वयंसेवकांबद्दल टॉलस्टॉयनं जे लिहिलं ते संपादक कात्कोव्हला रुचलं नाही, त्यानं तो भाग छापला नाही. टॉलस्टॉयनं तो १८७७ मध्ये वेगळा काढला. म्हणजे मासिकाच्या पहिल्या वाचकांसाठीसुद्धा गोष्ट ॲनाच्या मरणापाशीच थांबली होती.

खरा अगोचरपणा १९२७ चा. गार्बोच्याच 'लव्ह' या मूकपटाला दोन शेवट होते : एकात ॲना मरते, दुसऱ्यात कारेनिन मरतो आणि प्रेमिकांची गाठ पडते. अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांना गोड शेवट निवडायची सोय होती. त्या मानानं २०१२ चा शेवट इमानी आहे. कारेनिन फुलांच्या रानात बसला आहे आणि ॲनाची दोन्ही मुलं जवळ खेळताहेत. व्रॉन्स्कीपासून झालेली मुलगी कारेनिननं सांभाळायला नेली, हे आठव्या भागात व्रॉन्स्कीच्या आईच्या बोलण्यात ओझरतं येतं. पटकथेनं तेवढं वाक्य सोडलं नाही.

प्रश्न : 'सावरिया' दोस्तोएव्हस्कीच्या कथेवर आहे असं वर्गात सांगितलं तर सगळे हसले. खरंच आहे का? आणि असेल तर तो एवढा आपटला का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : आहे. १८४८ च्या 'व्हाइट नाइट्स' या दीर्घकथेवर. पीटर्सबर्गमधला एक एकटा तरुण, पुलाजवळ रडणारी नास्तेंका, वर्षभरापूर्वी येतो म्हणून गेलेला तिचा भाडेकरू, चार रात्री आणि एक सकाळ. भाडेकरू परत येतो, ती निघून जाते.

'सावरिया' ९ नोव्हेंबर २००७ ला, 'ओम शांती ओम'च्या जोडीला लागला. दिवाळीच्या गर्दीला काय हवं होतं हे उघड आहे. पण सगळा दोष त्या शुक्रवारवर टाकता येत नाही. मूळ कथेतल्या रात्री उजेडाच्या आहेत. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात सूर्य नीट मावळत नाही, सगळं गाव धूसर उजेडात जागं राहतं आणि माणसाला झोप येत नाही, स्वप्नं पडतात. भन्साळींनी त्या रात्री गडद निळ्या-हिरव्या केल्या. चित्र देखणं झालं, पण उजेडातल्या जागरणाचा तो चमत्कारिक हळवेपणा गेला. दुसरी अडचण कथनाची. मूळ नायक वाचकाशी बोलतो, स्वतःच्या भाबडेपणाची चेष्टा स्वतःच करतो. सिनेमात ते आतलं बोलणं काढलं की उरतो सतत नाचणारा-गाणारा मुलगा, आणि त्याचा हेवा वाटायच्या ऐवजी कंटाळा येतो.

याच कथेवर मनमोहन देसाईंचा 'छलिया' (१९६०, राज कपूर-नूतन) बेतला होता. त्यात फाळणी आली, मूल आलं, मूळ कथा ओळखूही येत नाही, पण प्रेक्षकांनी तो आपला मानला. तमिळमध्ये 'इयर्कै' (२००३) बंदराच्या गावात घडतो. त्याला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इटलीत दिग्दर्शक व्हिस्कॉन्तीनं १९५७ मध्ये अख्खं गाव स्टुडिओत उभं केलं, म्हणजे सेटची हौस भन्साळींचीच होती असं नाही. वर्गात तुलना करायची तर 'इयर्कै' आणि व्हिस्कॉन्ती शेजारी ठेवा. 'सावरिया'तलं फक्त पुलावरचं पहिलं भेटणं लावलं तरी पुरतं.

प्रश्न : सात तासांचा 'वॉर अँड पीस' तालुक्याच्या गावी दाखवायचा आहे. लोक बसतील का? की ऑड्री हेपबर्नचा लावू? (चित्रपट मंडळ, उदगीर)

उत्तर : हेपबर्नची नताशा गोड आहे, पण १९५६ चा तो सिनेमासुद्धा साडेतीन तासांच्या घरात जातो. वेळ द्यायचाच आहे तर सेर्गेई बोंदार्चुकचा सोव्हिएत सिनेमा (१९६६-६७) लावा. तो मुळातच चार भागांत प्रदर्शित झाला, त्यामुळं एका बैठकीत दाखवण्याचा हट्ट धरू नका. पहिला भाग सर्वांत लांब, जवळजवळ अडीच तासांचा. दुसरा आणि चौथा पावणेदोन तासांच्या आतबाहेर. बोरोदिनोच्या लढाईचा तिसरा दीड तासाच्याही आत. चार शनिवार, हा सगळ्यांत बरा क्रम. दोन दिवसांत उरकायचा तर पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा अशी जोडी करा आणि मधे जेवणाची पूर्ण सुट्टी द्या.

एकच भाग दाखवायचा असेल तर दुसरा, 'नताशा रोस्तोवा'. नताशाचा पहिला नाच, लांडग्याची शिकार, काकाच्या घरी शाल सोडून तिनं धरलेला गावरान ठेका, मग अनातोलबरोबर पळून जायचा फसलेला बेत. युद्धाचं काही माहीत नसलं तरी हा भाग स्वतःच्या पायावर उभा राहतो.

अडचणी कुठं येतात? फ्रेंच बोलणं चालू असताना वरून रशियन निवेदक भाषांतर सांगतो. लोकांना वाटतं दोन ध्वनिपट्ट्या एकत्र लागल्या. आधी सांगून ठेवा. दुसरी तक्रार, नायक पिएर म्हातारा दिसतो. १९५६ च्या सिनेमात पिएर झालेला हेन्री फोंडा तेव्हा पन्नाशीचा होता म्हणून टीका झाली, आणि बोंदार्चुकनं हीच भूमिका स्वतः चाळिशीत केली. कादंबरीच्या सुरुवातीला पिएर विशीचा आहे. तक्रार दोन्हीकडं रास्त. लढाईत सैन्याच्या खऱ्या तुकड्या आहेत, मात्र जाहिरातींतले लाखावरचे आकडे प्रास्ताविकात सांगू नका. कादंबरीतलं पिएरचं फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघात जाणं आणि इतिहासावरचं लांबलचक चिंतन सिनेमात जवळजवळ नाही. आम्हाला त्याचं फारसं दुःख नाही.

प्रश्न : 'डॉक्टर झिवागो' लावला तर चार मिनिटं चित्र हललंच नाही, नुसतं संगीत. ऑपरेटरनं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. फाइल खराब आहे का? (वाचनालय, अंबाजोगाई)

उत्तर : फाइल चांगली आहे. १९६५ च्या या सिनेमाला नाटकासारखं आरंभसंगीत आहे, मध्यंतर आहे आणि मध्यंतरानंतर पुन्हा संगीत आहे. त्या वेळी लोक आत येऊन बसेपर्यंत ते वाजायचं. तुम्हीही तसंच वापरा : दिवे अर्धे ठेवा, लोकांना बसू द्या. एकूण लांबी तीन तासांच्या वर आहे, त्यामुळं चहा सिनेमातल्याच मध्यंतराला. स्वतःच्या सोयीनं मधेच थांबवू नका.

हा सिनेमा बहुतांशी स्पेनमध्ये चित्रित झाला. बर्फात गोठलेलं घर मेणाचं आहे. हे सांगून टाकलं तर लोक पुढं बर्फच तपासत बसतात, म्हणून नंतर सांगा. पास्तरनाकची मूळ कादंबरी वाचलेले मात्र वेगळ्याच गोष्टीवर चिडतात : पुस्तकाच्या शेवटी नायक झिवागोच्या २५ कविता आहेत, सिनेमात एकही नाही. दिग्दर्शक डेव्हिड लीननं त्यांच्या जागी बालालायका या रशियन तंतुवाद्याची धून वाजवली. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी थिएटरं भरली. रशियात कादंबरीच छापून यायला १९८८ उजाडलं.

प्रश्न : कुरोसावाचा 'इडियट' फार तुटक वाटला. सुरुवातीला तर सिनेमापेक्षा मजकूरच जास्त. (वाचक, जालना)

उत्तर : कारण तो अर्धवट आहे. १९५१ मध्ये जपानी दिग्दर्शक कुरोसावानं दोस्तोएव्हस्कीच्या कादंबरीवर २६५ मिनिटांचा सिनेमा केला होता, स्टुडिओनं कापून १६६ वर आणला. गेलेल्या दृश्यांच्या जागी पाट्या आल्या. कादंबरीचा नायक मिश्किन इथं कामेदा आहे, त्याचा प्रतिस्पर्धी रोगोझिन म्हणजे अकामा (तोशिरो मिफुने), गाव होक्काइडोतलं सापोरो. पहिला पाऊण तास पाट्या शांतपणे वाचून काढा. नंतरच्या बर्फातल्या जत्रेपासून सिनेमा पकड घेतो. मणि कौल यांनी याच कादंबरीवर दूरदर्शनसाठी 'अहमक' केला. त्यातला रोगोझिन शाहरुख खान आहे, हे सांगितलं की महाविद्यालयात गर्दी होते. तो शाहरुख मात्र वेगळा आहे, तेही सांगा.

प्रश्न : 'मास्टर आणि मार्गारिटा'वरच्या नव्या सिनेमावरून रशियात एवढा गदारोळ का झाला? (वकील, धाराशिव)

उत्तर : सिनेमा जानेवारी २०२४ मध्ये लागला, चित्रीकरण मात्र २०२१ चं, युक्रेनवरच्या हल्ल्याच्या आधीचं. दिग्दर्शक मिखाईल लोकशिन यांनी युद्धाला उघड विरोध केला होता. सिनेमाला सरकारी पैसाही होता. प्रदर्शनानंतर सरकारधार्जिण्या भाष्यकारांनी दिग्दर्शकावर कारवाई करा म्हणून ओरड केली, आणि प्रेक्षकांनी दोन अब्ज रुबलच्या वर गल्ला जमवून दिला.

पण वाचकांत वेगळा वाद झाला, आणि तो जास्त रंजक आहे. बुल्गाकोव्हच्या कादंबरीत सैतान वोलांद खराच मॉस्कोत येतो. सिनेमात लेखकाच्या नाटकावर बंदी येते, त्याला संघटनेतून काढतात, आणि मग तो वोलांदची गोष्ट लिहायला लागतो. आपण बघतो ती धमाल त्याच्या कागदावरची. काहींना हा विश्वासघात वाटला. आम्हाला तो बुल्गाकोव्हच्याच आयुष्याला धरून केलेला बदल वाटतो : त्याची नाटकं बंद पडली होती, तो १९४० मध्ये वारला आणि कादंबरी छापून आली १९६६-६७ मध्ये, तीही काटछाट करून. ज्यांना पानाबरहुकूम हवं त्यांनी व्लादिमिर बोर्त्कोची २००५ ची दहा भागांची मालिका बघावी. त्यातलं बोलणं बरंचसं पुस्तकातलं जसंच्या तसं आहे, बोलणारं मांजर तेवढं सोसावं लागतं.

प्रश्न : आमच्याकडं खरी अडचण सबटायटलची. इंग्रजी वाचेपर्यंत दृश्य जातं, आणि निम्म्या वेळा ओळी बोलण्याच्या मागं पडतात. शिवाय परवानगीचं काय? (शिक्षक, वसमत)

उत्तर : ओळी मागं पडण्याचे दोन प्रकार आहेत, ते आधी ओळखा. सिनेमाच्या पाचव्या मिनिटाला आणि नव्वदाव्या मिनिटाला फरक मोजा. दोन्हीकडं सारखाच असेल, समजा तीन सेकंद, तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळा दाबून जुळवा. एका दाबाला ५० मिलिसेकंद सरकतात. फरक वाढत गेलेला असेल तर गतीचा घोळ आहे. सिनेमाची प्रत सेकंदाला २५ चौकटींची (फ्रेम) आणि सबटायटल २४ ची, असं युरोपीय प्रतींत नेहमी होतं. दोन तासांचा सिनेमा तिथं ११५ मिनिटांत संपतो आणि ओळी दर मिनिटाला अडीच सेकंदांनी मागं जातात. तिथं कळा दाबून काही होत नाही. 'सबटायटल एडिट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा दर बदलून फाइल पुन्हा साठवा.

मराठी सबटायटल स्वतः करणार असाल तर एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीसच्या आत अक्षरं, आणि पडद्यावर किमान दीड सेकंद. शब्दाला शब्द लावू नका, आशय धरा. कापायचं तर आधी हाका आणि नमस्कार कापा, कारण पात्र कुणाला हाक मारतंय हे ऐकू येतंच. कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणतं आणि कुणी 'तू' यावर मात्र आधी बसून ठरवा. ॲना आणि व्रॉन्स्की कोणत्या दृश्यापासून अरे-तुरेवर येतात, हे सगळ्या सिनेमात सारखं राहिलं पाहिजे. फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. दाखवायच्या लॅपटॉपवरच आदल्या दिवशी दहा मिनिटं चालवून बघा, दुसऱ्यावर नाही.

परवानगीचं थोडक्यात. ओटीटीच्या घरगुती खात्यावरून सार्वजनिक खेळ करता येत नाही, तो वापर वैयक्तिक असतो. तिकीट नसलं म्हणजे परवानगी लागत नाही, हा गैरसमज आहे. शाळा-महाविद्यालयाच्या कामाचा भाग म्हणून, फक्त विद्यार्थी, कर्मचारी आणि पालकांपुरता खेळ असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. वाचनालयानं त्यामुळं महाविद्यालयाला हाताशी धरणं सोयीचं, पण प्रेक्षक तेवढेच ठेवावे लागतील. बाहेरच्यांना बोलवायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, पण जुन्या सिनेमाच्या नव्या सबटायटलवर वेगळा हक्क असू शकतो, तेही विचारा. मॉसफिल्म स्टुडिओनं आपले बरेच सिनेमे स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर सबटायटलसह ठेवले आहेत. घरी बघायला किंवा निवड करायला ते उत्तम, सभागृहात लावायचे तर त्यांनाही पत्र लिहा.

शेवटचं, खुर्च्यांचं. सबटायटल खालच्या कडेला असतात आणि तिथंच पुढच्या माणसाचं डोकं येतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर घ्या, खुर्च्यांच्या रांगा अर्ध्या खुर्चीनं सरकवून मांडा. छत बुटकं असेल तर प्लेअरच्या सेटिंगमधून ओळी थोड्या वर घ्या. जुन्या रुंद सिनेमांना खाली काळी पट्टी राहते, ओळी तिथून उचलून चित्रावर आणल्या तरी चालतं.